डबल बेसची घोडी: दुरुस्ती आणि निगा यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डबल बेस (व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, खर्जाचं वाद्य) वाजवणारे घोडीबद्दल, म्हणजेच तारांना उचलून धरणाऱ्या लाकडी ब्रिजबद्दल, जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. घोडीच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ एकच असतं: ती हळूहळू फिंगरबोर्डकडे (तारा ज्यावर बोटांनी दाबतात त्या पट्टीकडे) झुकत जाते आणि कोणाच्या ते लक्षात येत नाही. म्हणून सुरुवातीचे प्रश्न झुकण्याचेच आहेत. घाई असली तरी निदान तेवढे वाचा.

घोडी तबलीला चिकटवलेली असते का?

नाही, आणि ती तबलीला, म्हणजे बेसच्या पुढच्या लाकडी फळीला, कधीही चिकटवायची नसते. घोडी तारांच्या ताणावर उभी असते. चार स्टीलच्या तारा सुरात असताना त्यांचा एकत्रित ताण १०० किलोच्या वर जातो आणि त्यातला बराच भाग घोडीमार्गे खाली तबलीवर येतो. हा दाबच तिला जागेवर ठेवतो. तबलीच्या आत खर्जाच्या म्हणजे ई तारेच्या बाजूच्या पावलाखाली बेसबार, म्हणजे तबलीला आतून चिकटवलेली लांब पट्टी, असतो. सर्वात उंच सुराच्या म्हणजे जी तारेच्या बाजूच्या पावलामागे, टेलपीसच्या (तारांची खालची टोकं ज्यात अडकवतात त्या तुकड्याच्या) दिशेला थोडासा सरकून, साउंडपोस्ट, म्हणजे तबली आणि पाठ यांच्यामधली लाकडी काठी, उभा असतो. घोडी, बेसबार आणि साउंडपोस्ट या तिघांच्या जागा एकमेकांवर अवलंबून आहेत, त्यामुळे घोडी सरकली की नुसता आवाज बदलत नाही, तबलीवरचा भारही भलतीकडे जातो.

घोडी सरळ उभी आहे हे ओळखायचं कसं?

बेसच्या बाजूला बसा आणि घोडीकडे आडवं पाहा. टेलपीसकडची बाजू तबलीशी काटकोनात असायला हवी. फिंगरबोर्डकडची बाजू वर जाताना निमुळती होत मागे जाते, कारण घोडी पावलांशी जाड आणि माथ्याशी पातळ असते. त्यामुळे नीट उभी असलेली घोडी समोरून पाहणाऱ्याला मागे रेललेली वाटते. नवीन वाजवणाऱ्यांची इथेच फसगत होते. ती ‘मागे गेली’ असं समजून ते तिला पुढे ओढतात आणि चांगली उभी असलेली घोडी तिरकी करून ठेवतात.

डोळ्यांवर भरवसा नसेल तर पोस्टकार्डासारखा जाड कागद घ्या. त्याची एक कड तबलीवर ठेवून दुसरी कड घोडीच्या टेलपीसकडच्या बाजूला टेकवा. कागद आणि लाकूड यांच्यात वर फट दिसली तर घोडीचा माथा फिंगरबोर्डकडे झुकला आहे.

त्यानंतर पावलं पाहा. दोन्ही पावलांच्या चारही कडा तबलीला टेकलेल्या हव्यात. मागच्या कडेखाली कागद सरकत असेल तर घोडी झुकलेलीच आहे, वरून कितीही सरळ दिसली तरी.

ती झुकते कशामुळे?

सुरात लावण्यामुळे. खुंटी पिळली की तार नटकडे (फिंगरबोर्डच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीकडे) ओढली जाते आणि घोडीच्या खाचेत ती अडकत असेल तर माथ्यालाही बरोबर ओढते. प्रत्येक वेळी हे ओढणं केसभरच असतं, पण रोज साठत जातं. नवीन तारा लावल्यावर त्या बराच ताणल्या जातात, तेव्हा तर एका बैठकीतही घोडी डोळ्यांना दिसेल इतकी पुढे येते.

उपाय खाचेतच आहे. तार बदलताना खाचेत मऊ शिसपेन्सिल, २बी किंवा त्याहून मऊ, चांगली घासा. ग्रॅफाइटमुळे तार सरकते आणि घोडी जागेवर राहते. नटच्या खाचांतही तेच करा. सुरात लावताना कुरकुर किंवा टक्‌ असा आवाज येत असेल, किंवा सूर चढता चढता एकदम उडी मारत असेल, तर तार खाचेत अडकते आहे असं समजा.

झुकलेली घोडी मी स्वतः सरळ करू शकतो का?

हो. बेस वाजवणाऱ्या प्रत्येकाला हे काम आलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक वेळी कारागिराकडे जाणं कोणालाच जमत नाही आणि तोवर घोडी वाकत राहते.

बेस गालिचावर किंवा जाड सतरंजीवर पाठीवर निजवा. टेलपीसखाली घडी केलेलं जाड कापड सरकवा, म्हणजे घोडी चुकून पडलीच तर टेलपीस तबलीवर आदळणार नाही. चारही तारा साधारण एकेक स्वर उतरवा. पूर्ण सैल करू नका, ताण राहिला तरच पावलं जागेवर राहतात. टेलपीसच्या बाजूला गुडघ्यांवर बसा. दोन्ही हातांची बोटं घोडीच्या फिंगरबोर्डकडच्या अंगाला, माथ्याजवळ, आणि अंगठे टेलपीसकडच्या अंगाला ठेवा. आता बोटांनी माथा हळूहळू स्वतःकडे ओढा आणि अंगठ्यांनी तो किती येतोय ते जोखत राहा. झटका देऊ नका. थोडं ओढायचं, थांबायचं, कागद लावून पाहायचं. ई आणि जी या दोन टोकांना आळीपाळीने ओढलं तर माथा तिरका होत नाही.

सगळं लक्ष पावलांवर असू द्या. हलायला हवा तो माथा. पावलं सरकायला लागली तर थांबा, तारा किंचित चढवा आणि पुन्हा प्रयत्न करा. काम झालं की तारा सुरात लावा आणि पुन्हा एकदा बाजूने पाहा, कारण सूर चढवताना घोडी परत थोडी पुढे येतेच.

हात थरथरत असतील किंवा बेस फार जुना आणि मोलाचा असेल तर पहिल्यांदा जाणत्या माणसाला बरोबर घ्या. एकदा हाताला ती ओढ कळली की पुढे भीती राहत नाही.

किती दिवसांनी बघायचं?

दर वेळी बेस हातात घेतल्यावर नजर टाका. तारा बदलल्यानंतरच्या आठवड्यात दिवसातून दोनदा.

घोडी सरळ उभी केली तरी मधून वाकलेली दिसते. आता?

झुकणं वेगळं आणि वाकणं वेगळं. पावलं नीट टेकलेली आहेत, पण घोडीचं अंगच धनुष्यासारखं वळलं आहे, तर लाकूड वाकलं. बराच काळ झुकून उभ्या राहिलेल्या घोडीचं शेवटी हेच होतं. लाकूड मऊ असेल किंवा माथा गरजेपेक्षा पातळ काढला असेल तर लवकर होतं.

वाक थोडा असेल तर कारागीर घोडी उतरवून तिला वाफ देतो, दोन सपाट फळ्यांमध्ये क्लॅम्पने दाबतो आणि पूर्ण वाळेपर्यंत तशीच ठेवतो. घोडी बरीचशी सरळ होते. पण एकदा वळलेलं लाकूड परत त्याच बाजूला वळू पाहतं, म्हणून या उपायाकडे नवीन घोडी तयार होईपर्यंतची सोय म्हणूनच पाहा. वाक बोटभर दिसत असेल तर वाफेच्या भानगडीत न पडता नवीन घोडी करून घेणं बरं. वाकलेली घोडी एक दिवस ताणाखाली मोडते किंवा निसटते, आणि तेव्हा खर्च घोडीचा नसतो, तबलीचा असतो.

माझ्या घोडीला चीर गेली आहे. वाजवत राहू का?

चीर कुठे आहे त्यावर उत्तर अवलंबून आहे, म्हणून आधी ती नीट शोधा. खोलीतला दिवा मालवा आणि टॉर्च घोडीच्या अंगाला जवळजवळ चिकटवून आडवा उजेड टाका. समोरून न दिसणारी चीर अशा उजेडात काळी रेघ होऊन उठून दिसते. लाकडाच्या रेषा आणि चीर यांत गोंधळ होत असेल तर ती रेघ कडेला वळून पलीकडच्या बाजूलाही निघते का ते पाहा.

घोडी मेपलची असते आणि तिच्या लाकडाच्या रेषा आडव्या, म्हणजे एका पावलाकडून दुसऱ्या पावलाकडे जाणाऱ्या असतात. लाकूड रेषेच्या दिशेने फाटतं, त्यामुळे घोडीच्या चिराही बहुधा आडव्याच जातात: पायातून, कंबरेतून किंवा माथ्याखालून. आता हे लक्षात घ्या. घोडी सरळ उभी असेल तर तारांचा दाब आडव्या चिरेला मिटवून धरतो. तीच घोडी पुढे झुकली की मागच्या अंगाला चीर उघडायला लागते. म्हणजे एकच चीर सरळ घोडीत बराच काळ गप्प राहते आणि झुकलेल्या घोडीत आठवडाभरात मोडायला येते.

पायातली किंवा कंबरेतली चीर दिसली की त्याच दिवशी तारा दोन-तीन स्वर उतरवा आणि वाजवणं थांबवा. कडेच्या पंखातली (घोडीच्या बाजूला बाहेर आलेल्या भागातली) बारीक चीर तितकी धोक्याची नसते, कारण पंखावर तारांचा थेट भार येत नाही. ती खरखर मात्र करते. पावलाच्या पातळ टोकाचा टवका निघाला असेल तर वाजवता येतं, पण त्या टोकाखालचा दाब गेल्यामुळे उरलेलं पाऊल तबलीत जास्त रुततं. फार दिवस असं ठेवू नका.

मोडलेली घोडी चिकटवता येते का? कशाने?

ताजा, स्वच्छ तुकडा असेल तर येते. कारागिराची पहिली पसंती गरम सरसाला असते. तो वाळल्यावर कडक होतो, कंपनं अडवत नाही आणि गरज पडली तर ऊब आणि ओलाव्याने सोडवताही येतो. सुतारकामाचा पांढरा किंवा पिवळा गोंदही धरतो, पण तो लाकडात मुरतो आणि पुन्हा तिथेच मोडलं तर नवीन सरस बसू देत नाही.

तुकडे मोडल्यावर तुमच्या हातून एकच गोष्ट व्हायला हवी: काहीच न करणं. मोडलेल्या कडा घासू नका, सँडपेपर मारू नका, ‘बसतंय का’ म्हणून दहादा जुळवून पाहू नका. मोडलेल्या लाकडाचे तंतू एकमेकांत जितके हुबेहूब बसतील तितका जोड पक्का होतो, आणि घासल्याने नेमके तेच जातात. सगळे तुकडे, अगदी किरकोळ ढलपेसुद्धा, एका पाकिटात घालून न्या.

घाईत सुपरग्लू लावू नका. तो लगेच धरतो, पण जोड किंचित वाकडा बसला तर सुधारायला वेळ देत नाही आणि चिवटपणा नसल्यामुळे कंपनांत सुटतो. सुटल्यावर कडांवर जो काचेसारखा थर राहतो त्यावर दुसरं काही चिकटत नाही.

पाय पूर्ण तुटून चिकटवलेली घोडी नेहमीच्या वापरासाठी मी सुचवत नाही. ती जपून ठेवा, अडीअडचणीला कामाला येईल.

तारा खाचांत फार खोल गेल्या आहेत. काय करायचं?

तारेच्या जाडीचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग खाचेत आणि उरलेला वर, हे योग्य प्रमाण आहे. तार पूर्ण बुडाली असेल तर दोन्ही बाजूंचं लाकूड तिला दाबतं, आवाज कोंदटतो, कधी झणझणतो, आणि सुरात लावताना ती अडकते.

तारांची फिंगरबोर्डपासूनची उंची ठीक असेल तर खाचेला हात लावायची गरजच नाही. माथ्याची कड वरून घासून इतकी खाली आणायची की तार निम्मी बाहेर येईल. तारेची उंची तीच राहते आणि खाच उथळ होते. खाचच खाली गेल्यामुळे तार फिंगरबोर्डला लागत असेल तर मात्र तिथे मेपलचा किंवा एबनीचा बारीक तुकडा बसवून नवीन खाच काढावी लागते. सुपरग्लूमध्ये लाकडाचा भुसा कालवून खाच भरण्याची युक्ती काही जण वापरतात. कार्यक्रम अंगावर आला असेल तर तेवढ्यापुरती ठीक आहे, पण स्टीलची तार तो भराव थोड्याच दिवसांत कुरतडते.

खाचेची रुंदीही महत्त्वाची आहे. पातळ तारांचा संच काढून जाड संच लावला आणि खाचा तशाच ठेवल्या तर तार खाचेत चिमटली जाते आणि तिच्यावरचं वेटोळं (तारेभोवती गुंडाळलेली पातळ पट्टी) उसवतं. नवीन तारेचं वेटोळं नेमकं घोडीवर सुटत असेल तर दोष बहुतेक वेळा तारेचा नसतो, खाचेचा असतो. खाच गोल कानशीने, तारेच्या जाडीला जुळवून, आणि टेलपीसकडे किंचित उतरती अशी काढायची असते. धारदार कडा राहता कामा नये.

घोडीच्या पायात ॲडजस्टर असणं चांगलं की वाईट?

चांगलं. ॲडजस्टर म्हणजे घोडीची उंची कमी-जास्त करणारा, पायात बसवलेला स्क्रू. तबलीचं लाकूड दमट हवेत फुगून वर येतं आणि कोरड्या हवेत बसतं, त्याबरोबर तारांची उंचीही वर-खाली होते. ॲडजस्टर नसतील तर वाजवणाऱ्याला दोन घोड्या ठेवाव्या लागतात, एक उंच आणि एक बुटकी, आणि ऋतू बदलला की घोडी बदलावी लागते. पायातल्या आट्यांच्या चकतीने हेच काम मिनिटात होतं. आवाजात फरक पडतो का यावर वाद आहेत. ॲल्युमिनियम, पितळ आणि लाकूड यांचे ॲडजस्टर वेगवेगळे ऐकू येतात हे खरं, पण नीट बसवलेले असतील तर हा फरक तारा बदलण्याने पडणाऱ्या फरकाहून लहान असतो.

ॲडजस्टर फिरवताना काय सांभाळायचं?

आधी तारा उतरवा. पूर्ण ताणाखाली चकती फिरवली तर आटे झिजतात आणि पायाला पीळ बसून भोकाजवळ चीर जाऊ शकते. दोन्ही चकत्या सारख्याच फिरवा, अर्धा फेरा एका पायाची, मग तेवढाच फेरा त्याच दिशेने दुसऱ्या पायाची. पाऊल चकतीबरोबर गरकन फिरलेलं नाही ना ते प्रत्येक वेळी पाहा. फिरलेलं पाऊल तबलीच्या उतारावर एका कडेवर उभं राहतं आणि व्हार्निशमध्ये खड्डा पाडतं.

घोडी १ मिलिमीटर उचलली की फिंगरबोर्डच्या टोकाशी तार सुमारे ०.८ मिलिमीटर उचलली जाते, तेव्हा हिशेब करूनच फिरवा. स्टीलच्या तारांसाठी फिंगरबोर्डच्या टोकाशी जी तार ५ ते ६ आणि ई तार ८ ते १० मिलिमीटर उंच असेल तर बोने, म्हणजे गजाने, वाजवायला सोयीचं पडतं. बोटांनी छेडून वाजवणारे याहून खाली उतरतात. आतड्याच्या तारा जास्त हेलकावतात, त्यांना उंची जास्त लागते.

चकती आणि पाय यांच्यातली फट वाढत वाढत सेंटिमीटरच्या पुढे गेली तर घोडी त्या बेससाठी बुटकी आहे, किंवा तबली दबून खाली बसली आहे. दुसरी शक्यता गंभीर आहे, ती तपासून घ्या.

बेस पडला आणि घोडी निसटली. पहिलं काम कोणतं?

घाईने तारा चढवून घोडी परत उभी करू नका. आधी तारा आणखी सैल करा, टेलपीसखाली कापड सरकवा आणि एफ-होलमधून (तबलीतल्या f आकाराच्या भोकातून) टॉर्चने आत बघा. साउंडपोस्ट उभा आहे का? बेस हलवल्यावर आतून खुळखुळतं आहे का? साउंडपोस्ट पडला असेल तर तिथेच थांबा. साउंडपोस्टशिवाय तारांना ताण दिला तर जी तारेच्या बाजूची तबली खाली दबते आणि फाटू शकते. तो आत उभा करायला वाकडं हत्यार आणि सराव दोन्ही लागतात, हे काम कारागिराचंच.

साउंडपोस्ट जागेवर असेल तर घोडी परत उभी करता येते, फक्त मदतीला कोणीतरी हवं. ई तारेकडची बाजू उंच आणि जी तारेकडची बुटकी, त्यावरून तोंड ओळखा. एफ-होलच्या आतल्या कडेला छोटी खाच असते. दोन्ही बाजूंच्या त्या खाचा जोडणारी रेघ मनात ओढा, पावलांच्या जाडीचा मध्य साधारण त्या रेघेवर येतो. जुन्या बेसवर पावलांचे ठसे व्हार्निशवर उमटलेले असतात, ते सापडले तर त्यांनाच प्रमाण माना, कारण सुरांच्या जागा त्या मोजमापाला जुळलेल्या असतात. डाव्या-उजव्या अंतराचा हिशेब फिंगरबोर्डवरून करा: ई आणि जी या तारा फिंगरबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर याव्यात.

एकाने घोडी धरायची, दुसऱ्याने तारा चढवायच्या. आधी ई आणि जी थोड्या, मग ए आणि डी थोड्या, असं पाळीपाळीने. प्रत्येक फेरीनंतर कागद लावून काटकोन पाहा.

सगळ्या तारा एकदम काढून नवीन लावल्या तर चालेल का?

नाही. एका वेळी एकच काढा आणि तिच्या जागी नवीन चढवल्यावरच पुढची काढा. सगळ्या तारा निघाल्या की घोडी पडते आणि साउंडपोस्टही सुटू शकतो.

घोडीवर पिकअप लावताना ती खराब होते का?

लावणाऱ्यावर आहे. पिकअप म्हणजे घोडीची कंपनं पकडून ॲम्प्लिफायरकडे पाठवणारं उपकरण. पंखाच्या फटीत बसणारा पिकअप ओढून-दाबून घुसवला तर पंख तडकतो. माझ्या पाहण्यातल्या पंखांच्या चिरा बहुतांशी अशाच आलेल्या आहेत. पिकअप बोटाच्या हलक्या दाबाने बसला पाहिजे. सैल असेल तर लाकडी व्हिनियरचा किंवा बुचाचा पातळ काप घाला. घट्ट असेल तर फट कारागिराकडून रुंद करून घ्या, तीही दोन्ही पंखांवर नजर ठेवून, कारण पंखातलं लाकूड कमी केलं की आवाजही बदलतो. पावलाखाली बसणारा पिकअप लावला की पाऊल तेवढं उचललं जातं आणि घोडी एका बाजूला कलते, ते ॲडजस्टरने भरून काढायला विसरू नका.

लोंबती वायर टेलपीसला सैल बांधून ठेवा. वायरीत पाय अडकून घोडीला हिसका बसणं हे रंगमंचावर नेहमीचं आहे.

नवीन तयार घोडी आणून मी स्वतः बसवू शकतो का?

बाजारात मिळते ती घोडी नसते, घोडीचा कच्चा ठोकळा असतो. पावलं तुमच्या तबलीच्या उतारावर तंतोतंत घासून बसवावी लागतात. कारागीर तबलीवर खडूचा पातळ थर देतो, घोडी टेकवतो, जिथे खडू लागला तिथलं लाकूड धारदार चाकूने किंवा पटाशीने सोलतो, पुन्हा टेकवतो. पाऊलभर सारखा खडू उमटेपर्यंत हे चालतं. त्यानंतर उंची, माथ्याची गोलाई, जाडी आणि खाचा.

तबलीवर सँडपेपर अंथरून त्यावर घोडी घासायचा सोपा मार्ग पुष्कळ जण सांगतात. साध्या प्लायवूडच्या बेसवर तो चालून जातो. पण हात डोलतो तशी पावलं गोलसर होतात, मध्ये टेकतात आणि कडा अधांतरी राहतात. कोरीव तबलीच्या बेसला हे करू नका. हे एक काम असं आहे की त्यावर कारागिराला दिलेला पैसा आवाजातून पहिल्याच दिवशी परत मिळतो.

घोडीला तेल, पॉलिश किंवा व्हार्निश लावावं का?

काहीही लावू नका. तेलाने लाकूड जड आणि मऊ होतं. रोझिनची (बोच्या केसांना लावायच्या राळेची) पूड कोरड्या कापडाने किंवा मऊ ब्रशने रोज झटकली तर ती चिकटून बसतच नाही. घट्ट बसलेला थर स्पिरिटने पुसायचा मोह आवरा. त्याचा एक थेंब तबलीवर ओघळला तरी व्हार्निश उतरतं.

बेस कसा ठेवायचा आणि न्यायचा, म्हणजे घोडी सुरक्षित राहील?

सर्वात चांगलं म्हणजे स्टँड. तो नसेल तर खोलीच्या कोपऱ्यात, तोंड भिंतींकडे करून, दोन्ही खांदे दोन भिंतींना टेकवून उभा करा. घोडी कोपऱ्यातल्या पोकळीत राहते आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांचा धक्का लागत नाही. आडवा ठेवायचा तर कडेवर, कुशीवर ठेवा. तोंडावर कधीही नाही, पाठीवर फक्त काम करताना.

बेस ज्यावर उभा राहतो त्या खालच्या पिनचं रबर झिजलं असेल तर आजच बदला. गुळगुळीत फरशीवर पिन सरकून बेस तोंडावर पडणं हा घोडीचा सगळ्यात वाईट अपघात आहे, आणि तो एका रबरी बुचामुळे टळतो.

कव्हर चढवताना ते घोडीवरून ओढू नका. चेन पूर्ण उघडा, आधी घोडीवर जाड, मऊ पॅड ठेवा आणि मगच कव्हर वर घ्या. कव्हरचा पुढचा खिसा नेमका घोडीवर येतो, त्यात पुस्तकं किंवा पेडल ठेवू नका. गाडीत बेस कुशीवर निजवा, घोडीवर काही रचू नका आणि उन्हात बंद गाडीत सोडून जाऊ नका. अशा गाडीतलं तापमान ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतं, त्या उष्णतेत सरसाचे जोड सैल पडतात आणि ताणाखालची घोडी वाकते.

विमानप्रवासात घोडी काढायची की ठेवायची हे कारागिराशी बोलून ठरवा. ठेवायची असेल तर तारा उतरवा आणि घोडीच्या पुढे-मागे फोम भरा. काढायची असेल तर आधी पावलांच्या जागेची मोजमापं लिहून फोटो काढा, घोडी कापडात गुंडाळून वेगळी ठेवा आणि उतरल्यावर साउंडपोस्ट बघितल्याशिवाय तारा चढवू नका.

हवेतल्या दमटपणाचं काय?

खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या आत राहिली तर घोडी आणि तबली दोन्ही शांत राहतात. एक साधा आर्द्रतामापक बेसच्या शेजारी ठेवा. एसीच्या किंवा हीटरच्या झोतात बेस उभा करू नका, घोडीचं एक अंग दुसऱ्यापेक्षा लवकर वाळतं आणि ती वाकते.

नवीन घोडी केल्यावर जुनी टाकून द्यायची का?

मुळीच नाही. ती मोडकी असली तरी तिच्यावर तुमच्या बेसची उंची, माथ्याची गोलाई, तारांमधलं अंतर आणि पावलांचा उतार हे सगळं नोंदलेलं असतं. पुढच्या वेळी दुसऱ्या कारागिराकडे गेलात तर ती बरोबर न्या. काय हातात बसत होतं आणि काय खटकत होतं ते तिच्यावरच पेन्सिलीने लिहून ठेवा: ‘ई अजून १ मिलिमीटर खाली हवी’, ‘ए आणि डी जवळ पडतात’, असं. आणि तारीखही घाला.